मधली वीस पावलं

कमलाकांतने ठरवलं होतं, शिरगावच्या किनाऱ्यावर कंपनी उभी करायची. साधासुधा धंदा नव्हे, कंपनी! मुंबईत फोर्टातल्या एका मोठ्या कचेरीत त्याने नऊ वर्षं काढली होती. तिथली शिस्त डोळ्यांनी पाहिली होती. आता कुठल्या खुर्चीवर बसून पाहिली, ते विचारू नका. खुर्ची नव्हतीच, स्टूल होतं, आणि तेही साहेबाच्या केबिनबाहेर. पण गावात परतल्यावर तो छाती काढून सांगायचा, "अख्खी कंपनी माझ्या नजरेखालून जायची!" हे खोटं नव्हतं. आत जाणारा प्रत्येक जण त्याच्यासमोरूनच जायचा.

संधीही चालून आली होती. तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि हजारो मजूर उतरले होते. त्यांची खाणावळ चालवणारे भाटियासाहेब दर आठवड्याला सुके बोंबील घ्यायला तयार झाले. स्वतः साहेबांना त्या वासाने रुमाल काढावा लागायचा, पण मजूर ऐकेनात. आधीच्या दोन पुरवठादारांनी दगा दिला होता, म्हणून साहेबांनी एकच अट घातली. "माल बाद में देखूँगा. पहले तुम लोगों का काम देखूँगा." सोमवारी दुपारी बाराला ते जीपने येणार होते. काम पसंत पडलं तर वर्षभराचा करार, नाही तर राम राम!

माल म्हणजे चोवीस गोण्या. त्यांत आळीतल्या अकरा घरांचा सगळा हंगाम भरलेला होता. कमलाकांतची आत्या जमना हिने घरोघर जाऊन तो गोळा केला होता. "कमल्या आपला हाय, शिकलेला हाय," एवढ्या तिच्या शब्दावर बायकांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला दारातून परत पाठवलं होतं. आता तो व्यापारी पुन्हा यायचा नव्हता.

दहा दिवस आधी कमलाकांतने कंपनी स्थापन केली. नेहमीची भरती पोचत नाही अशा कडक, सपाट वाळूवर त्याने फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि चौकोनाचौकोनात विभाग बसवले. निवड विभाग, बांधणी विभाग, राखण विभाग. बायकांना वाचता येत नव्हतं म्हणून बायको नलूची जुनी लुगडी फाडून दंडाला बांधायच्या पट्ट्या केल्या. निवडीला हिरवी, बांधणीला तांबडी. वाहतूक विभाग म्हणजे डोंगराकडचा बुधा, त्याची बैलगाडी आणि दोन बैल. बैलांनाही पट्ट्या बांधल्या होत्या! आणि समुद्राच्या अगदी जवळ, वारा छान लागतो म्हणून, टेबल-खुर्ची टाकून नियोजन विभाग. म्हणजे तो स्वतः.

"नियम एकच," त्याने गळ्यातली शिट्टी हातात घेऊन सांगितलं. "ज्याने त्याने आपलं काम करायचं. दुसऱ्याच्या रेघेत पाऊल टाकायचं नाही!"

"आन् पानीबिनी आयला तर?" जमनाने विचारलं.

या किनाऱ्यावरची रीतच तशी होती. पाऊस येवो, कुत्रं शिरो, कुणी एकीने हाळी दिली की सगळी आळी धावायची. कुणाचे बोंबील, कुणाची टोपली, ते नंतर बघायचं.

"आत्ये, त्याला गोंधळ म्हणतात," कमलाकांत म्हणाला. "कंपनीत असं चालत नाही."

आणि तिसऱ्याच दिवशी कुत्रं शिरलं. राखणीवरची बाई दुसऱ्या टोकाला होती, म्हणून जमना बांधणीतून उठली आणि धावत जाऊन तिने कुत्र्याला हाकललं. कमलाकांतने शिट्टी फुंकली! सगळ्यांदेखत साठीच्या आत्याला म्हणाला, "कुत्रं तुझ्या विभागाचं नव्हतं. पुन्हा असं झालं तर पट्टी काढून घेईन." जमना आपल्या चौकोनात जाऊन बसली. त्या रात्री नलूने नवऱ्यापुढे ताट आदळलं.

सोमवार उजाडला. साहेबांच्या डोळ्यांत भरावं म्हणून कमलाकांतने चोवीस गोण्या आपल्या टेबलामागे ओळीने उभ्या करवल्या. त्याने पांढरी पॅण्ट घातली होती. खिशावर पुठ्ठ्याचा बिल्ला होता, मॅनेजर.

साडेअकराला जमना आपल्या रेघेपाशी येऊन उभी राहिली. रेघ ओलांडली नाही हं!

"कमल्या, आज अवस हाय. मोठा उधान."

"आत्ये, पाण्याचं नियोजन विभाग बघेल."

"बरा." ती परत जाऊन बसली.

पाऊण तासाने पहिली लाट नियोजन विभागात शिरली.

बूट भिजल्यावर नियोजन विभागाला कळलं. जीप अजून आली नव्हती. दुसरी लाट टेबलाच्या पायांपर्यंत आली आणि फक्कीची पहिली रेघ पुसून गेली. गोण्या चार हातांवर होत्या. कमलाकांतने जीव खाऊन शिट्टी फुंकली.

"गोण्या उचला!"

कोणी हललं नाही.

"उचला म्हणतो ना! बांधणी विभाग!"

"आमचा काम बांदायचा," जमना बसल्या जागेवरून म्हणाली. "बांदून झाला."

"निवड विभाग!"

"आमी निवडल्या," नलू म्हणाली. दहा दिवसांत ती नवऱ्याशी पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोलली.

"बुधा! अरे, गाडी आण!"

वाळू संपते तिथे बुधा गाडीपाशी उभा होता. "चाकां रुततील ना, शेट! तुमीच सांगलात, गाडीत माल आला की मंग माजा काम. मी कवाचा उभा हाय!"

आणि तेव्हा कमलाकांतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गोणी बांधायला विभाग होता. गाडी हाकायला विभाग होता. पण गोणीपासून गाडीपर्यंतची वीस पावलं त्याने कोणालाच दिली नव्हती! कचेरीत माल कोण उचलतो, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. नऊ वर्षं त्याने कंपनी पाहिली होती ती बंद दाराच्या बाहेरून.

तिसरी लाट आली. खुर्ची आडवी होऊन निघाली. अकरा घरांच्या अकरा बाया ओठ घट्ट मिटून जमनाकडे बघत होत्या. एक पोरगी अर्धी उठली, पण जमनाने नुसता हात वर केला आणि ती खाली बसली. तिची नजर मात्र पाण्यावरून हलत नव्हती, तेवढं कमलाकांतला दिसलं. त्याला रडू आलं. खरंच रडू आलं!

त्याने बिल्ला उपटून फेकला, शिट्टी फेकली आणि पहिल्या गोणीला मिठी मारली. ती डोक्यावर चढेना. तो गुडघ्यावर आपटला, पांढऱ्या पॅण्टची वाट लागली, गोणी पुन्हा पोटाशी धरली आणि तो ओरडला, "आत्ये! चुकलो गो! पानी आयला! पानी आयलाऽऽ!"

ही हाळी होती. अख्ख्या आळीची जुनी हाळी!

जमनाचा हात खाली आला आणि बाया उठल्या त्या वाऱ्यासारख्या. रेघा तुडवत, पट्ट्या भिरकावत! दोघीदोघी एका गोणीला. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. नलू पाण्यात उतरून गोण्या उचलून देत होती, जमना पोरींची रांग लावत होती, बुधा बैल सोडून स्वतः खांद्यावर गोणी घेऊन पळत होता. चौथी लाट आली तेव्हा वाळूवर दोन गोण्या होत्या. पाचवी आली तेव्हा फक्त टेबल होतं, आणि तेही दातिवरे गावाच्या दिशेने निघालं होतं.

"आत्ये," कमलाकांत धापा टाकत म्हणाला, "एक लाट जरी मोठी आली असती तर?"

"पन्नास वर्सां या पान्याला बगते. कुटवर येतं ते मला म्हायत नाय?" मग ती जरा थांबली. "तरी भ्याले व्हते, मेल्या. तू लय उशीर केलास."

मागून टाळ्या ऐकू आल्या. भाटियासाहेब जीपजवळ उभे होते. रुमाल नाकाला लावायचाही विसरले होते.

"वाह! ऐसा काम मैंने कहीं नहीं देखा! कौन है मैनेजर?"

कमलाकांतने तोंड उघडलं, पण धाप लागल्यामुळे आवाजच फुटेना. तेवढ्यात बुधाने जमनाकडे बोट दाखवलं. बायांनीही दाखवलं. नलूनेसुद्धा! करारावर तिथेच, जीपच्या बॉनेटवर, जमनाचा अंगठा उठला.

जाता जाता साहेबांची नजर कमलाकांतवर पडली. एक बूट वाहून गेलेला, पॅण्ट गुडघ्यावर फाटलेली, केसांत बोंबलाची शेपटी. साहेबांनी चार आणे काढून त्याच्या हातावर ठेवले.

"तू मेहनती आदमी है. मैनेजर बाई से बोलके तुझे पक्का करवा दूँ?"

जमनाने भाच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आदी मयनाभर बगते, सायेब. मंग ठरवते."

खरं सांगायचं तर तिने चांगले तीन महिने बघितलं.