बाराही महिने आखाजी

आमच्या नानांनी गावातले पत्त्यांचे सगळे जोड कैदेत ठेवलेत. आखाजी सरली की ते घरोघर फिरतात, पत्ते गोळा करतात, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधतात आणि माळ्यावर टाकून देतात. पुढच्या आखाजीपर्यंत सुटका नाही. एखाद्या लग्नात, वऱ्हाड उतरतं त्या जानोशाच्या कोपऱ्यात कुणी चोरून डाव मांडलाच, तर नाना तिथे जाऊन उभे राहतात, राजा-राणीसकट सगळे पत्ते उचलतात आणि विचारतात, "आज आखाजी शे का?" समोर नवरदेवाचा मामा असला तरी सोडत नाहीत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि पुरुष उघड उघड पत्ते कुटतात. त्यातही नानांचा कायदा आहे: आधी पोरींचा झोका, मग पत्ता. निंबावर दोर चढल्याशिवाय माळ्यावरचं फडकं खाली येत नाही. दोर नाना स्वतः चढवतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. नाना माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना आणि नानींना मूलबाळ नाही. माझा आणि धाकट्या बहिणीचा झोका कायम त्यांनीच बांधला.

तर अशा माणसाची पुतणी कॅसिनोच्या हॉटेलात नोकरी करते. ती मी.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. धुळ्याला बी.कॉम. केलं, मग हॉटेलचा कोर्स केला आणि गोव्याला रिसेप्शनवर लागले. आज त्या काउंटरची मी प्रमुख आहे. घरात कुणी इंग्रजी बोलत नव्हतं, मी शिकून घेतलं. याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

पण हॉटेलाच्या तळमजल्यावर जुगार चालतो ही बातमी पारोळ्याच्या बाजारातून आमच्या गावात पोचली. भाऊबंद बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, टोचायला लागले. एक दिवस बापूंचा फोन आला. "राजीनामा दे आन घर ये."

"बापू, आधी बघा तरी मी काय काम करते ते."

"मी नही येत. नानाले धाडी देस. नाना सांगतीन ते शेवटनं."

झालं! माझी नोकरी नेमकी पत्त्यांच्या जेलरच्या हातात गेली. तीही आखाजीच्या तोंडावर. सीझन होता, मला गावी जायला सुट्टी मिळाली नव्हती.

नाना आले. पांढरी टोपी, खांद्याला कपड्यांची बॅग, हातात फुगलेली पिशवी. आमचं हॉटेल इजिप्तच्या राजवाड्यासारखं सजवलंय. दारातच कुत्र्याच्या तोंडाचा, माणसाएवढा काळा देव उभा आहे. नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"खंडेरावना कुत्रा शे का हाऊ?"

"नाही नाना, इजिप्तचा देव आहे."

"देव ते शे ना?" म्हणाले आणि त्याच्या पायाशी चपला काढून अनवाणी आत शिरले. दुपारी बघते तर नानांच्या चपलांशेजारी दोन पाहुण्यांचे बूट नीट लावून ठेवलेले. सिक्युरिटीवाला मला विचारतो, मॅडम, नवीन नियम आहे का?

खोलीत पिशवी पलंगाखाली सारून नाना लगेच पाहणीला निघाले. पहिल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ते सारखे वर बघत होते. छताकडे, कमानींकडे. खांबांवर थापा मारून बघत होते. मला वाटलं, सजावटीनं दिपलेत.

"नाना, आवडलं का?"

"बठ्ठं पोकळ शे," म्हणाले. म्हणजे सगळंच.

लिफ्टला जायचं तर खेळाच्या हॉलमधूनच जावं लागतं, जेवायला जायचं तरी तिथूनच. आत छतावर निळं आकाश रंगवलंय आणि त्यात भरदिवसा चांदण्या लुकलुकतात. नाना मधोमध थांबले. चारी भिंती बघितल्या.

"आठे घड्याळ नही शे?"

"नाही."

"खिडकी?"

"नाही. लोकांना वेळ कळू नये म्हणून."

टेबलांभोवतीची माणसं त्यांनी बराच वेळ बघितली. एका बाईनं त्यांच्यापुढे फुकट सरबताचा ट्रे धरला, तो त्यांनी हात जोडून परत केला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "म्हंजे आठे बाराही महिना आखाजी शे!"

मला वाटलं, संपली माझी नोकरी.

दुसऱ्या दिवशी ते लॉबीतल्या सोफ्यावर बसून माझं काम बघत राहिले. मांडीवर गावाहून आणलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. हॉटेलचा नाश्ता खोलीच्या भाड्यातच होता, पण नानांना कुणाचं मिंधं व्हायचं नव्हतं. तेवढ्यात एक धिप्पाड पाहुणा आला. खेळात हरला होता आणि राग माझ्या काउंटरवर काढत होता. समुद्राकडची खोली आत्ताच्या आत्ता द्या, नाहीतर बघून घेईन, वगैरे. मी आवाज न चढवता सांगितलं की तुम्ही बुक केलेली खोली बागेकडची आहे, समुद्राकडची रिकामी नाही, आणि काउंटरवर हात आपटला तर जी आहे तीही राहणार नाही. मी त्याला पाणी दिलं, बसवलं, जेवून घ्या म्हटलं. शेवटी सॉरी म्हणून गेला.

नानांनी ठेच्याचे हात पुसले. "तू ते नवरदेवनी मायलेबी गप बसाडी देशी!"

आणि तिथेच बसून बापूंना फोन लावला. नाना फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरज नसते. अख्खी लॉबी ऐकत होती.

"बापू, आठे रोज आखाजी शे. घड्याळ नही, खिडकी नही, मानसे येडा व्हई जातस. तेसले सांभाळाले एक शहाणं मानूस लागस. ते मनी आंडेर शे. पत्ता नही पिसस ती, साहेब शे आठली! राजीनामानं नाव काढू नको."

आंडेर म्हणजे लेक. मी पुतणी. मी खाली मान घालून कुठल्यातरी पाहुण्याचं आधार कार्ड तपासत राहिले, तेच तेच.

आखाजीचा दिवस नानांचा जायचा दिवस होता. सकाळी बॅग भरायला मदत करावी म्हणून गेले तर खोली रिकामी. शोधत शोधत भटारखान्याच्या मागच्या दाराशी पोचले. तिथे फणसाचं जुनं झाड आहे. नाना शिडीवर चढले होते, फांदीवर थापा मारत होते. खाली पलंगाखालची ती पिशवी पडली होती, रिकामी. तिच्यातला दोर फांदीवर चढला होता. आमच्या निंबावरचाच दोर.

"आख्खा राजवाडामा एक भक्कम जागा नही भेटनी," शिडी उतरता उतरता म्हणाले. "हाऊ एक फनस खरा शे." दोराला लटकून बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बठ."

"नाना, मी साडीत आहे, ड्यूटी सुरू होतेय."

"मंग पटकन बठ."

मी बसले. त्यांनी एक धक्का दिला. मग खोल्या साफ करणाऱ्या मुली जमल्या, कुणी ओडिशाची, कुणी आसामची. सगळ्याच सणाला घरी न गेलेल्या. एकीनंतर एक बसायला लागल्या.

झोका तर बांधून झाला होता. नानांच्या कायद्यानं आता पत्त्याला मोकळीक होती. मी चिडवलं, "चला नाना, आज आखाजी आहे. एक डाव?"

त्यांनी हॉलच्या दाराकडे बघितलं. "नको. पत्ता आपला वळखना मानसंसंगे खेळतस."

आणि ते गाडीला गेले.

त्या आखाजीला आमच्या निंबाला झोका नव्हता, हे मला नंतर नानींनी सांगितलं. आणि झोका नाही, म्हणून नानांनी गावात पत्तेही सोडले नाहीत. गाव अजून त्यांच्यावर चिडून आहे.

आता गावातलं, भावकीतलं, अगदी जामनेरच्या पाहुण्यांतलंही कुणी गोव्याला निघालं, की नाना त्याला ओट्यावर बसवतात. अशा हॉटेलात उतरायचं तर काय माहीत पाहिजे ते सांगतात. हातावर घड्याळ बांधून जा, तिथे नसतं. लिफ्टकडे जाताना सरळ बघून चाला, डावी-उजवीकडे टेबलं आहेत. फुकट सरबत सगळ्यात महाग. खोलीतल्या छोट्या फ्रिजला हात लावू नका. दारात खोलीचं कार्ड खोचलं नाही तर दिवे लागत नाहीत. कुत्र्याच्या तोंडाचा देव खंडेरावाचा नाही, पण चपला काढल्या तर बिघडत नाही. काउंटरवर आपली पोरगी आहे, साहेब आहे, तिच्याशी नीट बोला.

समोरचा उठायला लागला की त्याचा हात धरून पुन्हा खाली बसवतात.

"आन मांगना दारले फनस शे. तठे जा. दोर घासाई गया का, तेवढं देखी या."