पोटाच्या अर्जांची सुनावणी

श्रीपती घोरपडे यांचं पोट रोज चाळीस तक्रार अर्ज लिहितं, अशी नोंद आमच्या आरोग्य केंद्राच्या आवक वहीत चैत्रात झाली. अर्ज सगळ्या शरीराला उद्देशून असत, प्रत केंद्राला. अक्षर चांगलं होतं.

श्रीपती एक्केचाळीस वर्षांचे, वजन अठ्ठ्याण्णव किलो, काम कापडदुकानात बसून. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक दोन आली होती. साडेसहाला मधुमेह म्हणतात. त्याच आजारात त्यांच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

"मॅडम, माझा कधी?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही," मी म्हटलं. मी परदेशात शिकून नुकतीच गावी परतले होते आणि असं ठामपणे बोलत असे. मी सुनावणी लावली.

सुनावणीला पोट, दोन्ही मांड्या आणि स्वादुपिंड वेळेवर हजर होते. श्रीपतींना यावंच लागलं.

"माझ्या आवारात चरबीची गर्दी झाली आहे," पोट म्हणालं. "हवा येत नाही. बंदोबस्ताला पांढऱ्या पेशी आल्या, त्या मुक्कामालाच राहिल्या. सारखी आग, सारखी भांडणं. तक्रार करायची नाही?"

"कर की," उजवी मांडी म्हणाली. "पण दिवसाला चाळीस? आम्ही आता दारच उघडत नाही. कुणी वाजवलं तरी वाटतं, आला याचा अर्ज."

"दार इन्सुलिन वाजवतं," स्वादुपिंड म्हणालं. त्याचा आवाज बसला होता. "साखर पोचवायला येतं बिचारं. एकाला दार उघडत नाही म्हणून दोघांना पाठवावं लागतं, मग चौघांना. साखर तशीच रक्तात उभी. माझ्याच्यानं हे किती दिवस होणार?"

दार कशानं उघडेल, असं मी विचारलं. मांड्या आपसात कुजबुजल्या.

"चालताना दार आपोआप उघडतं," डावी म्हणाली. "तेव्हा फारसं वाजवावंही लागत नाही. पण हे उठतात कुठं?"

श्रीपती खुर्चीतच जरा सरकून बसले.

तडजोड झाली. जेवणानंतर रोज अर्धा तास चालायचं, सहा किलो उतरवायचे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. गर्दी हटेल तसे अर्ज कमी करण्याचं पोटानं मान्य केलं. सगळ्यांनी सह्या केल्या.

सहाव्या आठवड्यात अर्ज अठरावर आले, आणि अधिक महिना लागला. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे देतात, आणि जावई नको म्हणत नाही. श्रीपतींच्या सासूबाई गोदावरीबाई डबा घेऊन आल्या आणि समोर बसल्या. श्रीपतींनी मला बोलावून घेतलं. मी साखरेचे आकडे सांगितले.

"पोरी, तुझं शिक्षण मोठं," गोदावरीबाई म्हणाल्या. "पण माझ्या जावयाच्या ताटाकडे बघू नकोस. घ्या जावईबापू."

श्रीपतींचा हात डब्याकडे गेला. तेवढ्यात पोटानं थेट गोदावरीबाईंच्या नावे अर्ज दिला: "आपला मान राखून कळविण्यात येते की जागा शिल्लक नाही."

गोदावरीबाई दहा वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होत्या. लेखी अर्ज त्यांना बाजूला टाकता येईना. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"जावईबापू तोंडी नाही म्हणाले असते, तर मी पुन्हा या घराची पायरी चढले नसते," त्या म्हणाल्या. "एक तरी?"

"एक चालेल," पोट म्हणालं.

उरलेल्या बत्तिसांबाबत त्यांनी निर्णय दिला. जावयानं ते स्वतःच्या हातानं बत्तीस घरी नेऊन द्यायचे. रोज जेवण झालं की निघायचं, पायी, आणि लांबची घरं आधी. प्रत्येक घरी श्रीपतींना खाण्याचा आग्रह झाला. ते अर्जाची प्रत दाखवत. लोक वाचून पाणी देत.

आषाढात तपासणी झाली. वजन एक्क्याण्णव, साखर पाच पूर्णांक सहा. श्रीपतींनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"म्हणजे पाय राहणार?"

"चालत राहिलात तर."

ते लगेच उठले. स्वादुपिंडानं झोपायला जाण्याची परवानगी मागितली, मी दिली.

दाराशी गोदावरीबाई थांबल्या होत्या. त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. त्यांच्यामागे आणखी अकरा जण उभे होते, तसेच कागद घेऊन.

"माझंही लिहायला लागलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कधीची तारीख मिळेल?"

मी वही उघडली. "गुरुवार, सकाळी दहा. चालत या."