जाळ्याचा वाटा

अण्णा म्हात्र्यांसमोर कुणी कसलीही बातमी सांगितली, की ते आधी एकच प्रश्न विचारतात, "ही कोनाच्या जाल्यातली?"

पनवेलच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे आणि अण्णांची कचेरी माझ्या बरोबर डोक्यावर, पोटमाळ्यावर. 'साप्ताहिक भरतीरेषा'चे संपादक तेच, बातमीदार तेच आणि शुक्रवारी सकाळी स्कूटरवरून अंक टाकत फिरणारेही तेच. एकदा एक गिऱ्हाईक गोळ्या घेता घेता मला म्हणालं, "सुकापूरला पाण्याची लाईन फुटलीय, मोबाईलवर बघितलंत का?" अण्णा शेजारच्या बाकावर होते. त्यांनी आपला प्रश्न टाकला.

"मोबाईलवर आली हो," तो बिचारा म्हणाला.

"मोबाईल गेलता काय सुकापूरला? मी गेलतो. गुडघाभर चिखलात." त्या माणसाने चहा पाजला तेव्हाच अण्णांनी त्याचा पिच्छा सोडला. चहा अर्थात बिनसाखरेचा, कारण अण्णांना मधुमेह आहे.

ह्या चहाला अण्णा 'जाळ्याचा वाटा' म्हणत. त्यांचं मूळ घर उरणकडचं. वडिलांची होडी होती. मासळी किनाऱ्याला लागली की तिथे वाटे पडतात. माणसांचे माणसांना, होडीचा होडीला आणि जाळ्याचा जाळ्याला. जाळ्याचा मालक त्या दिवशी तापाने फणफणत घरी पडलेला असला, तरी त्याच्या जाळ्याचा वाटा त्याच्या दारात पोचतो. त्यात कुणी कधी घासाघीस करत नाही. अण्णांनी हा कायदा होता तसा पत्रकारितेला लावला. लोक दिवसभर ज्या कंपनीच्या माध्यमावर बातम्या वाचतात, तिने बातमी पकडणाऱ्याला वाटा दिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी यावर अग्रलेखही लिहिला. बोलताना अण्णा पक्के खाडीकाठचे, पण हातात पेन आलं की एकदम संस्कृतात शिरतात. 'सदर समाजमाध्यमाने मूळ वृत्तनिर्मात्यास यथोचित मोबदला अदा करावा' असं काहीतरी होतं. मी सोडून तो कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

मी त्यांना डिवचायचो. "अण्णा, कंपनी तुमची बातमी फुकटात अख्ख्या तालुक्यात नेते. उलट तुम्हीच तिला भाडं द्यायला पाहिजे."

"डाक्टर," ते म्हणायचे (मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगणं मी कधीच सोडून दिलंय), "म्हावरा बाजारात नेनारीला कोन नाय बोलतो? तिचा तिला मिलूदे. पन गिऱ्हाईक म्हावऱ्याला येतं, तिच्या टोपलीला नाय."

मी त्यांना खोकल्याच्या गोळ्या दिल्या आणि विषय बदलला.

त्याच सुमारास 'झकास पनवेल' नावाचं एक पान त्या माध्यमावर सुरू झालं. कोण चालवतंय, कुणालाच पत्ता नाही. शुक्रवारी अण्णांचा अंक निघाला, की दुपारपर्यंत त्यातल्या झाडून सगळ्या बातम्या तिथे हजर. रस्त्याचं टेंडर असो, हळदीकुंकू असो, काही सोडत नसत. 'भरतीरेषा'चं नाव मात्र कुठे नाही. अण्णा स्वतः आपल्या बातम्या त्याच माध्यमावर रविवारी टाकत, कारण आधी अंक खपला पाहिजे.

शेवटी अण्णांनी कंपनीकडे तक्रार केली. उत्तर इंग्रजीत आलं. ते माझ्याकडून वाचून घ्यायला अण्णा खाली आले. मी वाचलं, पुन्हा वाचलं. कंपनीचं म्हणणं असं, की 'झकास पनवेल'ने मजकूर शुक्रवारी टाकला आहे आणि आपण रविवारी, तेव्हा चोर आपणच आहात. अण्णांचं खातं बंद झालं होतं.

मला हसू आवरेना. अण्णा मात्र थेट वकिलाकडे गेले. पोलिसांत लेखी तक्रार देऊन पान चालवणाऱ्याला हुडकून काढायचं ठरलं. सोमवारी निघायचं होतं, मीही साक्षीदार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला. आणि अण्णा म्हणाले, "र्‍हाउंद्या, डाक्टर."

"राहू द्या म्हणजे?"

"र्‍हाउंद्या. नको वाटतं."

मला राग आला. अर्ध्या बाजाराकडून हक्काने चहा उकळणारा माणूस खरा चोर सापडायची वेळ आली तेव्हा कच खातो, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

काही दिवसांनी 'झकास पनवेल'कडून मला जाहिरातीसाठी फोन आला. मी मुद्दाम म्हटलं, दुकानात या. अण्णा बाहेर गेलेले असताना जो माणूस आला तो प्रशांत होता, अण्णांचा मुलगा.

विमानतळात जमीन गेली तेव्हा बापलेकांचं वाजलं होतं. प्रशांत म्हणाला होता, पेपर बंद करा, आता कोण वाचतंय. अण्णा म्हणाले होते, मग तू पण ह्या घरात नको. तो उलव्याला फ्लॅट घेऊन गेला तो परत उंबऱ्याला आला नाही. अण्णांची बायको आधीच गेली होती. तेव्हापासून ते पोटमाळ्यावरच जेवतात.

प्रशांत जाहिरातीचं बोलेना. गोळ्यांच्या कपाटाकडे बघत त्याने विचारलं, "अण्णांची शुगर किती असते हल्ली?" मी सांगितली. "मी आलो होतो हे बोलू नका," म्हणाला आणि गेला.

मला ते पोटात ठेवणं जमलं नाही. संध्याकाळी मी पोटमाळ्यावर गेलो आणि सांगून टाकलं. अण्णा अंक जुळवत बसले होते.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "जत्रेच्या बातमीला त्यानं होडीचा फोटू लावलाय. माझ्या बापाच्या होडीचा. त्यो फोटू आमच्या घराशिवाय कुठं नाय."

"म्हणून तक्रार दिली नाहीत?"

"आख्खा पेपर वाचतो त्यो, डाक्टर. चोरायला तरी वाचायला लागतो ना. दुसरा कोन वाचतो सांगा." मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याबद्दल बाजारात काय काय बोललो होतो, ते सगळं आठवलं.

त्या शुक्रवारच्या अंकात शेवटच्या पानावर, टेंडरच्या खाली, चार ओळी होत्या. 'येथील एका ज्येष्ठ संपादकांच्या डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया येत्या बुधवारी सकाळी होत असून, त्यांच्यासोबत कोणी असणार नाही.'

दुपारी अण्णा खाली आले आणि माझा मोबाईल मागितला. 'झकास पनवेल' उघडून ते बोटाने हळूहळू खाली सरकत गेले. गटाराची बातमी होती, शाळेच्या स्नेहसंमेलनाची होती, टेंडरसुद्धा होतं. ते शेवटपर्यंत गेले, मग पुन्हा वरून सुरुवात केली. तेवढ्या चार ओळी कुठेच नव्हत्या.

त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"नाय उचलली," ते म्हणाले. "म्हंजे वाचली त्यानं."