पात्रता : नववी पास

आमच्या वाडीत सुपाऱ्यांचा सडा पडतो, तसा आमच्या घरात पदव्यांचा पडलेला आहे. मुलगा देवदत्त इंजिनिअर, थळच्या कारखान्यात. सून नूतन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमचे हे, म्हणजे तात्या, निवृत्त हेडमास्तर. बी.ए., बी.एड. ही अक्षरं नावामागे लावल्याशिवाय ते दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा सही करत नाहीत. आणि मी? नववी पास! पण यंदाच्या मार्चमध्ये या सगळ्या पदव्या कुचकामी ठरल्या आणि कामाला आली ती माझी नववी. ऐका तर खरं!

माझी नात अनुया यंदा दहावीला होती. तिला जन्मापासून फार कमी दिसतं. उजेड-अंधार कळतो, माणसाचा आकार कळतो, अक्षरं मात्र दिसत नाहीत. पण अभ्यासात पोरगी वाघीण! तिचा फोन तिला पुस्तकं वाचून दाखवतो, आणि तेही अशा वेगाने की त्याच्यापुढे अलिबागच्या मासळीबाजारातली भांडणं संथ वाटावीत. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. ती मात्र मध्येच हसते!

अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. मुलाने सांगायचं, लेखनिकाने लिहायचं. वर वेळही जास्त मिळतो. अट एकच, लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. शेजारच्या रंगूची मुलगी प्राप्ती नववीत. तिचं नाव मंजूर झालं होतं. तिला सगळे नियम मी पढवले होते. "आत काय लिहिलंस ते बाहेर कुणाला सांगायचं नाही, अगदी आईलासुद्धा!" असं दहा वेळा बजावलं होतं.

पहिला पेपर मराठीचा. आदल्या दुपारी रंगू धावत आली.

"अनुयाची आजी, घात झाला! प्राप्तीला कांजण्या आल्यान्. पोर नुसती फोडांनी भरली हाय!"

घरात हलकल्लोळ! नूतनने रडायला सुरुवात केली. लेखनिक नाही म्हणजे पेपर नाही, पेपर नाही म्हणजे वर्ष गेलं. नववीतली बाकीची पोरं एक तर गावाला, नाहीतर त्यांचे आईबाप तयार नाहीत.

"मी लिहितो," तात्या म्हणाले.

"तुम्ही बी.ए.," अनुया म्हणाली.

"मी?" देवदत्त म्हणाला.

"बाबा, तुम्ही तर फारच शिकलेले."

 मग एकेक मान माझ्याकडे वळली. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाकडे इतक्या आदराने कुणी पाहिलं होतं!

माझं माहेर कोर्लईचं. तेव्हा साळावला पूल नव्हता. तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी ओलांडून रेवदंड्याच्या शाळेत जायचं. पावसाळ्यात होडी बंद, की शाळा बंद. नववी झाली आणि तात्यांचं स्थळ आलं, मग तीही बंद. पण अक्षर? आमच्या बाई म्हणायच्या, मुली, तुझं अक्षर म्हणजे ओवलेल्या मोगऱ्याच्या कळ्या! तात्यांनी माझा शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढला, देवदत्तने केंद्रसंचालकांच्या हातापाया पडून संध्याकाळपर्यंत मंजुरी आणली, आणि मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीची सुती साडी नेसून दहावीच्या परीक्षेला निघाले.

आम्हाला स्वतंत्र खोली होती. पर्यवेक्षक प्रीतम सर. नुकतेच नोकरीला लागलेले, मिशी अजून कच्ची.

"आजी, ती सांगेल तेच लिहायचं. कमी नाही, जास्त नाही. बोलायचं नाही."

"अजिबात नाही!" मी म्हटलं आणि पहिल्या पानावर सवयीने 'श्री' काढायला पेन टेकवलं.

"आजी!" सर किंचाळले. "उत्तरपत्रिकेवर देवाचं नाव चालत नाही!"

पेन हवेतच राहिलं. थोडक्यात वाचलो!

अनुया सांगू लागली, मी लिहू लागले. आता, कुणी काही सांगत असलं की मध्ये हुंकार द्यायचा, ही आमच्या पिढीची रीत. नाही दिला तर सांगणाऱ्याचा अपमान. एक वाक्य झालं, मी म्हटलं, "हूं." दुसरं झालं, "हूं हूं."

"आजी, हूं म्हणू नका. हूं म्हणजे उत्तर बरोबर आहे, असा इशारा होतो."

मी हुंकार गिळला. पुढच्या उत्तरात अनुयाने काहीतरी वेगळंच सांगितलं आणि माझ्या तोंडून "च्च" निघालं.

"आजी! च्च म्हणजे चूक! आता तोंडातून आवाज निघाला तर मला वर कळवावं लागेल. हिचा पेपर रद्द होईल!"

 मी ओठ असे घट्ट मिटले की कवळी हिरड्यांत रुतायला लागली. तर सर म्हणतात, "भुवयासुद्धा उडवू नका."

तेव्हा मात्र अनुयाच म्हणाली, "सर, आजीच्या भुवया मला दिसत असत्या, तर आजी कशाला लागली असती?"

सरांची कच्ची मिशी थरथरली. भुवयांना परवानगी मिळाली.

आणि मग आला निबंध. 'माझ्या सहवासातील एक व्यक्ती.' अनुयाने क्षणभरही विचार केला नाही.

"लिही. माझी आजी."

मी हरखले! हूं म्हणता येईना, म्हणून दोन्ही भुवया पार कपाळाच्या टोकाला नेल्या.

"माझी आजी तोंडाळ आहे."

पेन थांबलं.

"ती फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते. वालाच्या बिरड्यात मीठ घातलं की नाही हे ती विसरते, म्हणून पुन्हा घालते. ती रात्री घोरते आणि सकाळी आजोबांवर ढकलते."

कुणावर अशी वेळ आली आहे का हो? स्वतःची बदनामी स्वतःच्या हाताने, मोगऱ्याच्या कळ्यांसारख्या अक्षरात! आणि प्रतिवाद करायची सोय नाही! घोरतात तात्याच! नूतनला विचारा! पण सर माझ्या ओठांवर नजर लावून बसलेले. मी लिहिलं. सगळं लिहिलं. फक्त एकच शब्द जरा मवाळ केला.

"आजी, वाचून दाखव," अनुया म्हणाली.

वाचून दाखवायला मात्र तोंड उघडायची परवानगी होती. मी घाईघाईत वाचलं, "माझी आजी बोलकी आहे, ती फोनवर..."

"थांब. मी तोंडाळ म्हटलं होतं."

"आजी," सर म्हणाले, "पेपर कुणाचा आहे?"

मी 'बोलकी' खोडलं आणि शेजारी 'तोंडाळ' लिहिलं. इतक्या हळू लिहिलं, की एरवी तेवढ्यात बिरडं शिजलं असतं.

"आता आवाज बंद. मी व्हरांड्यातल्या माठावरून पाणी पिऊन येतो," असं म्हणून सर बाहेर गेले आणि दुसऱ्या दाराने भरारी पथक आत आलं!

पुढे एक उंच मॅडम, मागे दोन माणसं. मॅडमनी पाहिलं ते असं : उत्तरपत्रिकेसमोर पांढऱ्या केसांची बाई पेन धरून बसली आहे. त्यांचा चेहरा फुलला.

"वा! आजी, या वयात दहावी! तुमच्यासारख्यांचा सत्कार केला पाहिजे!"

मी नुसत्या भुवया हलवल्या. तेवढ्यात, निबंधातच बुडालेली अनुया म्हणाली, "पुढे लिही, तिच्याशी वाद घालणं म्हणजे..."

मॅडमचा चेहरा फटकन् बदलला. "ही पोरगी उत्तरं सांगतेय! उघड उघड कॉपी! आजी, लाज नाही वाटत? पेपर जमा करा!"

आणि त्यांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली! माझ्या नातीचं वर्ष त्या बाईच्या हातात! बोलावं, तर आवाज काढला की पेपर रद्द. न बोलावं, तरी रद्द. मी हाताने दाराकडे दाखवलं, माठासारखा आकार केला, मिशी दाखवली.

"मुक्या आहेत का या?" मॅडमनी विचारलं.

"मुकी? माझी आजी?" अनुयाला इतकं हसू आलं की तिला बोलताच येईना. अखेर म्हणाली, "मॅडम, परीक्षा माझी आहे. मला वाचता येत नाही. आजी माझी लेखनिक आहे."

"असं सगळेच म्हणतात. लेखनिक म्हणून आजी? म्हणजे निबंध आजीनेच रचला असणार!" म्हणत त्या उत्तरपत्रिका वाचू लागल्या. वाचता वाचता ओठ हलायला लागले. मग खांदे. 'बोलकी' खोडून 'तोंडाळ' केलेल्या जागेवर त्या थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

तेवढ्यात प्रीतम सर ओल्या मिशीने धावत आले. "मॅडम, मंजुरी आहे, दाखला आहे, सगळं आहे!"

"राहू द्या," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "स्वतःबद्दल कुणी हे स्वतः रचून लिहिणार नाही. इतका प्रामाणिक लेखनिक मी पाहिला नाही. यांचा गेलेला वेळ वाढवून द्या."

वाचलो! आनंदाने मला ओरडावंसं वाटत होतं. मी भुवयांवर भागवलं.

पथक गेलं. अनुया भरभर सांगत होती, मी जमेल तितकं भरभर लिहीत होते. बाकीचे प्रश्न संपले. निबंधाचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं. अनुयाचा आवाज एकदम हळवा झाला.

"पण इतकं सगळं असूनही, माझी आजी मला जगात सगळ्यात जास्त आवडते, कारण ती..."

टण् टण् टण्!

"पेन खाली!" सर म्हणाले.

रिक्षात बसल्याबरोबर मी विचारलं, "कारण ती काय गं?"

"आजी, घंटेनंतर सांगणं नियमात बसत नाही." कार्टी!

मराठीत तिला पंच्याण्णव मार्क पडले, पण त्याचं काय घेऊन बसलात! खरी गोष्ट पुढेच आहे. इंग्रजीच्या पेपरापर्यंत प्राप्ती बरी झाली आणि तीच लिहायला गेली. बाहेर आल्यावर अनुया म्हणाली, "आजी, इंग्रजीत पण तुझ्यावरच निबंध लिहिला. ते वाक्य पूर्ण केलं."

मी वाटीभर नारळाच्या वड्या घेऊन प्राप्तीकडे गेले. "बाळ, कारण ती काय?"

"आजी, तुम्हीच म्हणालात ना, बाहेर सांगायचं नाही?"

मी दुसऱ्या दिवशी चिकू नेले. तिसऱ्या दिवशी पुरणपोळ्या. तेव्हा कुठे प्राप्ती म्हणाली, "खरं सांगू, आजी? मला तो शब्दच माहीत नव्हता. अनुयाताईने एकेक अक्षर सांगितलं, मी लिहिलं. स्पेलिंग लांबलचक होतं एवढंच आठवतंय."

तेव्हापासून मी देवदत्तच्या मागे लागले आहे, इंग्रजीत लांबलचक स्पेलिंगचा चांगला शब्द कोणता, सांग.

तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "आई, इंग्रजीत वाईट शब्दांचीही स्पेलिंगं लांबलचक असतात."