विलायतेचा बॉलर

१९५८ च्या हिवाळ्यात शालीकराम टेंभरे विलायतेत खेळून अर्जुनी मोरगावला उतरला, तेव्हा स्टेशनावर डफडी वाजत होती आणि लोक हार घेऊन उभे होते. तो गोंधळला. आपला खेळ गावात कोणाला ठाऊक असेल, असे त्याला वाटले नव्हते.

ठाऊक नव्हताच.

शालीकराम कलकत्त्याच्या एका क्लबात कारकून होता. तिथे साहेब लोक लॉन बोल्स खेळत. हिरवळीवरून जड गोळा लोटायचा आणि दूरच्या पांढऱ्या चेंडूच्या अगदी जवळ नेऊन थांबवायचा, एवढाच तो खेळ. एकदा चौथा गडी तापाने पडला, म्हणून साहेबांनी शालीकरामला उभे केले. अकरा वर्षांत तो हिंदुस्थानच्या चमूतून विलायतेला पोहोचला. घरी त्याने 'बोल्स खेळून राहिलो' एवढेच कळवले. बायकोने, सुलोचनाबाईने, ते पत्र बकारामकडून वाचून घेतले. बकाराम होता गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान.

"काकाजी, रविवारी गोंदियासंग मॅच हाये," स्टेशनावर हार घालत बकाराम म्हणाला. "सात वर्षं झाले, हारूनच राहिलो."

"अरे, माहा खेळ वेगळा हाये. त्यात बॉल लोटाचा रायते."

"स्पिन!" बकाराम खूश झाला.

"स्पिन नाही रे. आमी कोनाले आऊटच नाही करत."

"एवढा मोठा खेळाडू, पन गर्व नाही!"

घरी शालीकरामने सुलोचनाबाईला सांगून पाहिले.

"साऱ्या गावाले सांगून बसली मी," ती म्हणाली. "आता काऊन नाही म्हनता? एक बॉल टाकाले का होते तुमाले?"

रविवारी, धान कापलेल्या बांधीच्या शेतात, गोंदियाला दोन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. बकारामने चेंडू शालीकरामच्या हाती दिला.

शालीकरामला दुसरे काही येत नव्हते. त्याने एक गुडघा टेकला, जमिनीचा उतार पाहिला, मधले एक ढेकूळ उचलून टाकायला लावले आणि चेंडू अलगद लोटला. चेंडू रांगत निघाला. फलंदाज हिरालाल बॅट उगारून वाट पाहत राहिला. मग त्याने पंचांकडे पाहिले. पंच भोजराज मास्तर आभाळाकडे पाहू लागले. चेंडू हिरालालच्या बुटाशेजारून गेला, स्टंपाला जेमतेम टेकला आणि थांबला. बेल हललीसुद्धा नाही.

"वा!" शालीकराम म्हणाला. विलायतेतही त्याला इतका चांगला जमला नव्हता.

"हा बॉल व्हय का गंमत?" हिरालाल ओरडला आणि गरकन वळून त्याने थांबलेल्या चेंडूवर बॅट हाणली. तिन्ही स्टंप उडाले.

"आऊट!" मास्तरांना अखेर माहीत असलेला शब्द सापडला.

संध्याकाळी सत्कार झाला. शालीकराम उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "खरं सांगतो जी, मी क्रिकेट खेळत नाही."

बकाराम ताडकन उठला.

"ऐकलं का? काकाजीनं क्रिकेट सोडलं! विलायतेत नाही सोडलं, आपल्या गावात सोडलं!"

टाळ्या थांबेनात. शालीकराम मटकन खाली बसला. सुलोचनाबाईने पदराने डोळे टिपले आणि त्याच्याकडे झुकून म्हणाली,

"एवढं मोठं सोडलं, घरात एका शब्दानं इचाराचं तरी होतं जी."