पुढचा माणूस बाजूला घ्या

दत्ता भोईरांच्या हातात लग्नाचा अल्बम दिला तर ते नवरा-नवरीकडे ढुंकूनही बघत नाहीत. चष्मा कपाळावर ढकलतात, फोटोला नाक लागेल इतके वाकतात आणि म्हणतात, "पुढचा माणूस बाजूला घ्या. मागं काय हाय?"

छापलेल्या फोटोतला माणूस बाजूला कसा घ्यायचा, हे त्यांनाच ठाऊक. आमच्या लग्नाच्या अल्बमचंही त्यांनी असंच केलं. शालूतल्या आपल्या रूपाबद्दल काहीतरी बरं ऐकायला मिळेल म्हणून बायको शेजारी उभी. भोईरांनी पान न पान बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, तो कोपऱ्यातला टेबलफॅन कोणाचा? जाळी काय मस्त गंजली हाय!" बायकोने त्या दिवसापासून त्यांच्या चहातली साखर निम्म्यावर आणली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. चहा पितानाही ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत असतात.

भोईर आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर राहतात. पनवेलला आमची सोसायटी उभी राहिली तेव्हापासूनचे शेजारी. मूळचे उरणकडचे. आधी कळंबोलीला ट्रक रंगवायचे. मागच्या फाळक्यावर मोर, कमळं, डोंगराआडून उगवणारा सूर्य. पुढे रेडियमचे तयार स्टिकर आले आणि भोईरांच्या मोरांना कोणी विचारेना. दुसरा असता तर हात चोळत बसला असता. ह्यांनी कॉम्प्युटर घेतला, त्याला जोडायची चित्रं काढायची पाटी घेतली, आणि मुंबईच्या एका कंपनीसाठी कार्टूनची चित्रं काढायला लागले. म्हणजे कार्टून नव्हे, कार्टूनच्या मागचं. पुढे ससा धावतो तो दुसऱ्या कोणाचा तरी. मागची भिंत, गळका नळ, दोरीवरचे ओले कपडे भोईरांचे.

या सगळ्यासाठी त्यांना लागायचा रेफरन्स. हा शब्द दिवसभर त्यांच्या तोंडी. नळ कुठून गळतो, गळून गळून खालची फरशी कुठवर हिरवी होते, हे आधी डोळ्यांनी बघायचं आणि मगच काढायचं. ते बघण्यासाठी सकाळपासून नेटवर शोध. त्या काळी आमच्याकडचं नेट असं, की फोटो वरून खाली रांगत यायचा. आधी आकाश, मग झाडाचे शेंडे, मग गच्ची, आणि हवा तो भाग दिसणार एवढ्यात लाइट जायची. भोईर चाकांच्या खुर्चीत. त्या खुर्चीत धड बसणंही त्यांना जमत नाही आणि तिच्यातून उठणंही. पाय हलतोय, बोटं वाजताहेत, फोटो अर्ध्यावर अडकला की खुर्चीसकट सुसाट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत. आम्हाला वर त्याचा गडगडाट ऐकू यायचा. त्यावरून आज काम किती तुंबलंय याचा अंदाज यायचा.

एकदा त्यांना स्टुलाची खालची बाजू हवी होती. नेटवर स्टुलांना तोटा नव्हता, पण सगळी समोरून काढलेली, दुकानात मांडावीत तशी. "अख्ख्या जगात एक माणूस स्टुलाखाली वाकला नाय!" असं ओरडत ते वर आले. मी तेव्हा आमच्या स्टुलावर उभा राहून बल्ब बदलत होतो. मी उतरेपर्यंत दम धरवेल तर ते भोईर कसले! तिथेच जमिनीवर आडवे झाले आणि माझ्या पायांखालून फोटो काढू लागले. "भाऊ, हलू नका, सावली बदलते." स्टुलाखाली कोणीतरी चिकटवलेलं च्युइंगम सापडलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मी अजून विसरलेलो नाही. पुढे एका कार्टूनमध्ये ते स्टूल च्युइंगमसकट दिसलं आणि त्यांनी आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवलं.

एक मात्र होतं. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय ते कधी वापरत नसत. बघायचा, शिकायचा, पण उचलायचा नाही. "कोणीतरी उन्हात उभं राहून काढलेला हाय तो," असं म्हणायचे.

अल्बमचं वेडही या कामातलंच, असं आम्ही धरून चाललो होतो. ते तसं नव्हतं, हे कळलं पल्लवीकडून. पल्लवी त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा बायकोने हौसेने विचारलं, "काय देऊ गं तुला?" ती म्हणाली, "काकू, मला स्टेजवर आईचा फोटो हवाय. तिच्या पाया पडूनच मी सासरी जाणार. पण फोटोच नाहीये." मग म्हणाली, "बाबा सगळ्यांच्या फोटोंत मागे कोणाला शोधत असतात, असं वाटतं तुम्हाला?"

सुनंदावहिनींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याआधी एका जुलैत गाढी नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं आणि पलंगाखालच्या ट्रंकेतल्या सगळ्या फोटोंचा लगदा झाला. लग्नाचा अल्बमही त्यातच गेला. नवे काढू, नवे काढू म्हणता म्हणता तापाचं निमित्त झालं आणि वहिनीच गेल्या. शिवाय बाई अशी, की कॅमेरा दिसला की "गॅसवर दूध ठेवलंय" म्हणून पसार. मतदार कार्डावर तेवढा एक फोटो होता. त्याबद्दल भोईर म्हणायचे, "ती माझी बायको नाय. ती कोणाचीच बायको नाय." मी ते कार्ड पाहिलंय. त्यांचं खरं होतं.

"तुम्ही एवढे चित्रकार," मी म्हणालो, "काढा की आठवून."

भोईरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एकामागून एक चेहरे. प्रत्येकात वहिनींचं काहीतरी होतं आणि वहिनी एकातही नव्हत्या. "दर खेपेला जरा गोरी होते," भोईर म्हणाले. "ती सावळी होती, भाऊ. नाक बसकं होतं. माजा हात लबाड हाय, तिला सुंदर करून ठेवतो. पोरीला खोटी आई कशी देऊ?" त्यांचा पाय नेहमीसारखाच हलत होता. मला फार वाईट वाटलं.

लग्न जवळ येईल तसं खालच्या खुर्चीचं गडगडणं वाढलं. तोवर नेट जरा वेगवान झालं होतं आणि लोक जुने फोटो धडाधड नेटवर चढवू लागले होते. बारशी, साखरपुडे, सोसायटीचा गणपती. ओळखीपाळखीच्या प्रत्येकाचे फोटो भोईर उपसत होते. ते स्वस्थ नाहीत म्हणून आम्हालाही चैन पडेना. मी ऑफिसात हिशेब करता करता लोकांच्या बारशांतल्या मागच्या बायका न्याहाळू लागलो. मालकांनी एकदा ते पाहिलं आणि माझ्या टेबलाची जागा बदलली.

अशात एका रविवारी दुपारी भोईर अनवाणी जिना चढून आले आणि दारातूनच ओरडले, "भाऊ, तुमची आत्या सापडली!"

"हरवली कधी होती?" बायको घाबरून म्हणाली. आत्या तर पळस्प्याला मुलाकडे सुखात होती.

त्यांनी मला जवळजवळ ओढतच खाली नेलं. स्क्रीनवर आमच्या वास्तुशांतीचा फोटो होता. काढला होता तिसऱ्या मजल्यावरच्या बशीरभाईंनी. ते मस्कतला नोकरीला. आमच्या बिल्डिंगमधला पहिला डिजिटल कॅमेरा त्यांचा, आणि तेव्हा सुट्टीवर आले असताना दिसेल त्याचा फोटो काढत सुटले होते. आता तिकडे घरची आठवण आली की त्यातलेच नेटवर टाकत. फोटोत पुढे, जवळजवळ सगळी जागा व्यापून, माझी आत्या. तोंडात जिलेबी, डोळे मिटलेले. आणि तिच्या खांद्यामागे, दाराच्या चौकटीत, पाण्याचा जग घेतलेल्या सुनंदावहिनी. सावळ्या, बसक्या नाकाच्या, पदर खोचलेल्या, आणि खळखळून हसणाऱ्या.

"हीच," भोईर म्हणाले. "हीच ती. हीच."

लगेच परवानग्यांची धांदल. मस्कतला फोन लावला. बशीरभाई म्हणाले, "अरे दत्ता, इजाजत कसली मागतोस? तुझ्याच घरचं माणूस हाय ते. बच्चीला माझी दुआ सांग." मग भोईर मला घेऊन स्कूटरवरून पळस्प्याला. आत्याने फोटो लांब धरून बघितला. "जिलेबी खाताना? मेल्यांनो, दुसरा मिळाला नाही?"

"तू दिसणारच नाहीस, आत्या," मी म्हणालो. "तुला कापणार आहेत."

"मग कापा खुशाल," आत्या म्हणाली. भोईर नुसतेच छताकडे बघत होते. मला वाटलं, पंख्याचा रेफरन्स घेताहेत.

लग्नाच्या दिवशी स्टेजवर टेकवलेल्या भल्यामोठ्या फ्रेमवरचं कापड काढलं, तर आत आमची आत्या. जिलेबीसकट. मागे दारात वहिनी. डेकोरेशनच्या माणसाला यातली गेलेली कोण, हे काय ठाऊक! त्याने शेवंतीचा जाडजूड हार बरोबर आत्याच्या चेहऱ्याभोवती बसवला होता. पाहुणे येत होते, चपला काढून आत्याला हात जोडत होते. "खाऊनपिऊन समाधानी गेल्या, बघा," कोणीतरी म्हणालं. नवऱ्यामुलाच्या मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि वळल्या, तर पहिल्या रांगेत तीच बाई नऊवारी नेसून डोळे वटारून बसलेली.

"मी आहे अजून!" आत्या गरजली. मावशींना सोफ्यावर बसवून पाणी द्यावं लागलं.

मी भोईरांना स्टेजच्या कडेला गाठलं. "अहो, कापणार होतात ना?"

"कापून बघितला, भाऊ. परत परत बघितला," भोईर म्हणाले. "पण ती एकटी राहिली की हसते कशाला तेच कळत नाय. तुमची आत्या मला डायबेटीस हाय, डायबेटीस हाय बोलत तिसरी जिलेबी खात होती. मी समोरच उभा होतो. हिनं मला डोळ्यानं दाखवलं आणि हसली. आत्यांना बाजूला घेतलं तर ते हसू कुठं ठेवू?"

जन्मभर पुढच्या माणसाला बाजूला घ्यायला सांगणारा हा माणूस! आत्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने ते ऐकलं, गुडघ्यावर हात ठेवत स्टेज चढली, आपल्या चेहऱ्याभोवतीचा हार काढला आणि फ्रेमच्या वहिनींकडच्या कोपऱ्यावर नीट अडकवला. उतरताना भोईरांना म्हणाली, "तिसरी नव्हती, दुसरी होती."

लग्न लागलं. पल्लवी त्या कोपऱ्यापाशी वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मग फोटोग्राफरने घरच्यांना बोलावलं. मुलगी, जावई, मागे ती फ्रेम. "मुलीचे बाबा, मधे या," तो म्हणाला. भोईर मधे जाऊन ताठ उभे राहिले. फोटो निघणार तेवढ्यात सवयीने त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि सरकत सरकत पार टोकाला गेले.

"काका, तुम्ही अर्धे कापले जाताय!" फोटोग्राफर वैतागला.

"जाऊ दे," भोईर म्हणाले. "मी मधे आलो तर ती झाकली जाते."

अल्बम आला तेव्हा पल्लवी सासरी रुळली होती. भोईर तो घेऊन वर आले आणि बायकोच्या हातात देऊन पाय हलवत बसले. त्या फोटोत भोईरांचा एक कान आणि अर्धा खांदा तेवढा आलाय. बायको फोटोवर वाकली. शालू बघितला नाही, दागिने बघितले नाहीत.

"सुनंदा किती छान आलीय," ती म्हणाली.

"हां," भोईर म्हणाले. "या वेळी पळाली नाय."