रागावून नाचणाऱ्या किकुची-सान

नाचताना कुणी हसलं, की किकुची-सान यांचा पारा चढायचा.

जपानमध्ये, ओजिमाच्या आमच्या सरकारी वसाहतीत दर उन्हाळ्यात बोनचा नाच व्हायचा. बोन म्हणजे जपान्यांचे पितर घरी येण्याचे दिवस. मैदानात लाकडी मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती गोल धरून सगळ्यांनी नाचायचं. शिकवायला तळमजल्यावरच्या, सत्तरी उलटलेल्या किकुची-सान. हातात पंखा असे. तो वाऱ्यासाठी नव्हे, चुकणाऱ्याच्या मनगटावर मारायला.

"दामे!" हा त्यांचा लाडका शब्द. म्हणजे चालणार नाही! कचरा चुकीच्या दिवशी ठेवला, दामे. सायकल आडवी लावली, दामे. आमचे हात तर विसर्जनाच्या मिरवणुकीत तयार झालेले. कोळसा खणल्याचा अभिनय करायच्या नाचात माझ्या बायकोने, सुनीताने, दोन्ही हात वर फेकले, तर फाटकन पंखा बसला.

"कोळसा जमिनीत असतो, मुली! वर काय माश्या मारतेस?"

मी कधी उलट बोललो नाही. घराण्यातला पहिला पदवीधर मी. या देशाने मला शिष्यवृत्ती दिली, प्रयोगशाळा दिली. पंख्याचे फटकेही त्यातच धरले.

मग तो मोठा भूकंप झाला, समुद्राने उत्तरेकडचा किनारा नेला. त्या वर्षी वसाहतीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "इतकी माणसं गेली. यंदा नाच नको."

"आमच्याकडेही घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत," मी म्हणालो.

किकुची-सान ताडकन उठल्या. "इंदो-सान!" इंदो म्हणजे भारत; माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. "तुमची गेलेली माणसं परत येत नाहीत?"

"येतात. पितृपक्षात. आम्ही पान वाढतो."

"मग यंदा दुःख झालंय म्हणून उपाशी धाडणार?"

त्या सभेकडे वळल्या.

"दामे! आपण काय मजा म्हणून नाचतो? ते एवढ्या लांबून येणार आणि आपण दारं लावून बसणार?"

तरी हात वर झाले आणि नाच रद्द झाला.

बोनच्या संध्याकाळी मैदानातून गाणं ऐकू आलं. मचाण नव्हतं, कंदील नव्हते. जमिनीवर टेप ठेवून किकुची-सान एकट्याच गोल फिरत होत्या, कपाळाला आठ्या घालून. आम्ही दोघं धावत खाली गेलो.

"उशीर!" त्या खेकसल्या. आम्ही गुपचूप त्यांच्या मागे नाचू लागलो.

तेवढ्यात अध्यक्ष आले. "किकुची-सान, बंद करा. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला सांगू नका!" त्यांचा आवाज फाटला. "माझी धाकटी बहीण त्या किनाऱ्यावर राहायची. अजून सापडली नाही. तिचं घर राहिलं नाही, गल्ली राहिली नाही. तिने यायचं कुठे? तिला ठाऊक असलेलं दुसरं दार माझंच आहे."

गाणं संपलं होतं. त्यांनी टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

"आवाज वाढवा कुणीतरी," त्या चिडूनच म्हणाल्या. "तिला कमी ऐकू येतं."

अध्यक्ष खाली वाकले आणि त्यांनी आवाज वाढवला.